सहाशे स्थळं, तीन फ्लॉप्या

चपला बाहेर काढल्याशिवाय त्या खोलीत कुणालाही प्रवेश नव्हता. जळगावात आमच्या समाजाचं मंगल कार्यालय होतं. त्याच्या मागच्या अंगाला, लग्नाची भांडी ठेवायच्या कोठीला लागून ही खोली. संस्थेच्या एका सभासदाने संगणक देणगी दिला आणि तो ठेवायला दुसरी जागा रिकामी नव्हती, म्हणून तो तिथे आला. कितीही झाडलं तरी खोलीला तेलाचा आणि ओल्या पोत्याचा वास यायचा. संगणकावर मात्र फुलाफुलांचं कव्हर होतं आणि त्याच्यासाठी वेगळा कूलर होता. मे महिन्यात मी त्या कूलरच्या जितकी जवळ बसता येईल तितकी बसायचे.

मी तिथली ऑपरेटर. लग्नानंतर पिंप्राळ्यात राहायला आले, दुसऱ्या लेकराच्या वेळी घरी बसले, आणि ते बालवाडीत जायला लागल्यावर सहा महिन्यांचा कोर्स करून ही नोकरी धरली. काम एकच होतं, समाजाची वधू-वर सूची तयार करायची. जळगाव आणि धुळे, दोन्ही जिल्ह्यांतली लग्नाची मुलंमुली, तालुक्यावार, एका पुस्तकात.

हे सगळं ज्यांच्या डोक्यातून निघालं त्यांना सगळे आबा म्हणत. प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले, अंगाने बारीक, खांद्याला कापडी पिशवी. दीड वर्ष ते एस.टी.ने गावोगाव फिरले. एदलाबाद, पारोळा, चाळीसगाव, शिरपूर. घरोघरी बसून, चहा घेऊन, त्यांनी सहाशेच्या वर फॉर्म भरून आणले. ते आणायचे, मी टाइप करायचे. नाव, जन्मवेळ, उंची, शिक्षण, मामाचं गाव, रंग. गोरी, निमगोरी, गहूवर्णी. अपेक्षा या रकान्यात जवळजवळ सगळ्यांनी 'अनुरूप' असं लिहिलेलं असायचं. तो शब्द मी इतक्या वेळा टाइप केला की पुढे पुढे त्याचा अर्थच उरला नाही. मराठी अक्षरं दाखवणारा प्रोग्राम फार हळू चालायचा. एक ओळ लिहायची आणि ती पडद्यावर उमटेपर्यंत थांबायचं. दुपारी लाइट जायची. संध्याकाळी मान धरलेली असायची आणि घरी गेल्यावर कणीक मळायची असायची.

एका तालुक्याचं टाइप झालं की आबा बसून तपासत, आणि मग ते फॉर्म पिशवीत घालून घरी नेत. एकदा मी विचारलं, "आबा, एवढ्या कागदांचं काय करता?"

"बंबात घालतो," ते म्हणाले. "लोकांच्या लेकींची माहिती आहे. रद्दीत दिली तर उद्या वाण्याच्या दुकानात पुडी बांधायला येईल. कोणाची उंची, कोणाचा रंग. ते बरं नाही."

मला ते पटलं होतं. आजही पटतं.

पुस्तक धुळ्याच्या एका प्रेसमध्ये छापायचं ठरलं होतं. सगळं तपासून झालं. एका शनिवारी दुपारी मी छपाईसाठी एकत्र फाइल करायला घेतली, तर मशीन म्हणालं, जागा नाही. हार्ड डिस्क भरली होती. मी जुन्या, बिनकामाच्या फाइली काढायला बसले. जेवणानंतरची वेळ होती, आदल्या दिवशी धाकट्याला ताप होता आणि माझी झोप झालेली नव्हती. एका डिरेक्टरीत, म्हणजे फाइलींच्या एका कप्प्यात, आहे असं समजून मी दुसऱ्याच डिरेक्टरीत होते. सगळं काढायचा हुकूम दिला. मशीनने विचारलं, खात्री आहे का? ते नेहमीच विचारायचं. मी नेहमीसारखं 'वाय' दाबलं.

काय झालं ते कळायला दोन-तीन मिनिटं लागली. मग मी तालुक्यांची नावं शोधू लागले. एकही नव्हतं.

कपाटात दोन फ्लॉप्या होत्या, त्यांच्यावर सूची उतरवून ठेवलेली. एक वाचताच येईना, नुसती घरघर. दुसरीवर फार पूर्वीचे दोन तालुके, तेही अर्धे. खरं म्हणजे दर आठवड्याला उतरवून ठेवायचं असं मला शिकवलं होतं. मी सुरुवातीला ठेवायचेही.

मला रडू आलं नाही. मी कूलर बंद केला, मशीन बंद केलं, कव्हर घातलं, आणि रिक्षा करून घरी गेले. घरी कोणाला सांगितलं नाही. रविवारी पापड होते. सासूबाईंबरोबर गच्चीवर पापड वाळत घातले, आणि सबंध दिवस मनात एकच हिशेब चालला होता. मंगळवारी आबा येणार, प्रेसला न्यायची फ्लॉपी घ्यायला.

सोमवारी सकाळी एस.टी.डी. बूथवरून धुळ्याला फोन लावला. तिथे संगणक दुरुस्त करणारे एक भाऊ होते, आमचं मशीन त्यांनीच बसवलं होतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ताई, आता मशीनला हातसुद्धा लावू नका. चालूच करू नका. मी बुधवारी येतो."

"बुधवारपर्यंत थांबता येणार नाही हो."

"उद्या मला शिरपूरला जायचंय. बुधवारी नक्की."

मी बूथमधून निघाले आणि सरळ बसस्टँडवर जाऊन धुळ्याची गाडी पकडली. एरंडोल, पारोळा करत दोन-अडीच तासांत धुळे. उन्हाने गाडीचा पत्रा तापलेला, खिडकीतून येणारा वाराही गरम. भाऊंचं दुकान आग्रा रोडच्या आतल्या गल्लीत होतं. दुकानात गिऱ्हाइकं होती, एक जण उघडलेल्या मशीनशेजारीच उभा राहून त्यांना घाई करत होता. मला पाहून भाऊ कपाळाला हात लावून हसले. ड्रॉवरमधून तीन फ्लॉप्या काढल्या. पुसलेल्या फाइली परत आणायचा प्रोग्राम होता तो.

"हे घ्या. फ्लॉपीवरूनच चालवा, ताई. मशीनमध्ये टाकू नका."

"बरं."

मी 'का' असं विचारलं नाही. तो माणूस त्यांच्याशी बोलत होता, मला चारची गाडी गाठायची होती. आणि त्या दिवसांत मी कुणालाच फारसं काही विचारत नसे. सांगितलेलं ऐकायचं आणि घरी जायचं.

मंगळवारी दहालाच खोली उघडली. पहिली फ्लॉपी घातली. प्रोग्राम सुरू झाला, निळा पडदा आला आणि तिथेच अडकला. मशीन पुन्हा चालू केलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा पडद्यावर एक चौकट आली. प्रोग्राम मशीनवर उतरवून घ्यावा, म्हणजे नीट चालेल, उतरवू का? भाऊंचं वाक्य मला आठवत होतं. विसरले असं मी आजही म्हणणार नाही. पण घड्याळात पावणेअकरा झाले होते, आबांची बस अकराला यायची. मी 'वाय' दाबलं.

पहिली फ्लॉपी, दुसरी, तिसरी. टक्के वाढत गेले, शंभर झाले. शनिवारी हेच मशीन जागा नाही म्हणत होतं, आता त्याने काही तक्रार केली नाही. मला जरा बरंच वाटलं.

मग यादी आली. पुसलेल्या सगळ्या फाइली दिसत होत्या. पण प्रत्येक नावाचं पहिलं अक्षर गेलेलं आणि तिथे प्रश्नचिन्ह. प्रोग्राम एकेका फाइलीवर थांबायचा आणि विचारायचा, पहिलं अक्षर कोणतं? मी सांगत गेले. चाळीसगावला सी, पारोळ्याला पी. नावं पुरी झाली की माझ्या जिवात जीव यायचा. पण नावापुढे त्याने शेराही दिला होता. दोन फाइलींपुढे 'चांगली'. बाकी सगळ्यांपुढे 'खराब'.

आबा आले तेव्हा मी पारोळा उघडून पाहत होते. त्यांनी पिशवी खुंटीला लावली आणि चष्मा घालून मागे उभे राहिले. पडद्यावर एका मुलीचं नाव होतं. उंची पाच फूट दोन इंच, शिक्षण बी.ए., व्यवसाय एस.टी.त वाहक, आणि वडिलांचा पत्ता एदलाबादचा. खाली नुसतीच चित्रविचित्र अक्षरं.

"हिचा बाप एदलाबादचा नाही," आबा म्हणाले. "पारोळ्याचा आहे. बाजारपेठेत शिलाईचं दुकान. आणि ही वाहक कुठून झाली?"

"आबा, थोडं गेलंय," मी म्हणाले. "मशीनमधून गेलंय. परत आणतेय."

एवढंच बोलले. कसं गेलं ते सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही, त्यांना वाटलं यंत्र बिघडलं. त्यांनी स्टूल ओढलं आणि माझ्याशेजारी बसले.

तो दिवस आणि दुसऱ्या दिवसाची सकाळ आम्ही तसेच बसलो होतो. मी तुकडे दाखवायचे, आबा ओळखायचे. त्यांची स्मरणशक्ती विलक्षण होती. "ही उंची त्या अमळनेरच्या मुलाची, तो दारात वाकून आत आला होता." "हा मामा शिंदखेड्याचा, म्हणजे ही धाकटी." कधी चुकायचे, मग डोळे मिटून बसायचे. असं करत शे-सव्वाशे स्थळं जुळली असतील. मग पुढे पुढे सगळं एकमेकांत गुंतलेलं निघू लागलं. कोणाची जन्मवेळ कोणाच्या पदरात. आबांनी चष्मा काढून डोळे चोळले आणि पहिल्यांदाच गावच्या बोलीत म्हणाले, "आते काही समजत नई शे."

बुधवारी दुपारी भाऊ आले. तोवर मशीनने आणखी एक त्रास सुरू केला होता. तो प्रोग्राम मशीन चालू होताच आपोआप उठून बसायचा, त्यामुळे मेमरी उरायची नाही आणि मराठी अक्षरंच येत नव्हती. भाऊ खुर्चीत बसले, यादी पाहिली, आणि त्यांचा हात थांबला.

"ताई, तुम्ही हे मशीनमध्ये टाकलं?"

"फ्लॉपीवरून अडकत होतं."

भाऊंनी, मशीन चालू होताना जी फाइल वाचतं तिच्यातल्या त्या प्रोग्रामच्या दोन ओळी काढल्या, मग त्याची डिरेक्टरी पुसली. मशीन पुन्हा चालू केलं. मराठी अक्षरं आली. प्रोग्राम काढायला दहा मिनिटंही लागली नाहीत. मग, आबा पाणी प्यायला बाहेर गेलेत असं पाहून, ते हळूच म्हणाले, "फाइल पुसली म्हणजे लगेच जात नाही, ताई. नुसती ती जागा मोकळी झाली असं मशीन धरून चालतं. तिथे दुसरं काही लिहिलं की मग जाते. तुमची डिस्क भरलेली. मोकळी जागा होती ती तुमच्या याद्यांचीच. हा प्रोग्राम नेमका तिथे जाऊन बसला."

"म्हणजे आता काढला तर..."

"आता काढून काय? त्याच्याखाली काही राहिलं नाही."

मी पडद्याकडे बघत राहिले. ते बिचारे म्हणाले, "मी नीट सांगायला पाहिजे होतं. दुकानात गर्दी होती." ते चहाही न घेता गेले.

आबा आत आले. मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं. शनिवारचं, सोमवारचं, मंगळवारचं. सांगताना माझा आवाज सपाट होता. चार दिवस ते पोटात घेऊन मी इतकी थकले होते की घाबरायचंही त्राण नव्हतं.

आबा म्हणाले, "टाकू नको म्हणाला होता ना तो?"

"हो."

"का ते विचारलं नाहीस?"

"नाही, आबा."

"हं." त्यांनी खुंटीवरची पिशवी काढली, परत लावली. "कागद जाळताना मीही कोणाला विचारलं नव्हतं. तुझं मशीन आहे, त्याच्यात राहतं, असं मीच धरून चाललो." मग खाली बसले, आणि एकदम थकल्यासारखे म्हणाले, "चल. बठ्ठं परत फिरनं पडी."

आणि आम्ही सगळी गावं पुन्हा फिरलो. एकट्या आबांना पुन्हा पाठवायला मला तोंड नव्हतं, म्हणून सुटीच्या दिवशी मी बरोबर जायचे. घरी कुरकुर झाली, पण यजमान म्हणाले, "जा. आपल्याकडून झालंय." कधी एस.टी., कधी पॅसेंजर. मला वाटलं होतं लोक रागावतील. लोक रागावले नाहीत, त्याने जास्त दमायला झालं. प्रत्येक घरी पुन्हा सगळं सांगायचं, पुन्हा चहा, पुन्हा कुंडली आणायला कोणीतरी आत जायचं. काही मुलींची लग्नं झाली होती, ती घरं हसून पेढे द्यायची. एदलाबादला एका घरी आम्ही ज्या मुलाचं नाव घेतलं तो आता राहिला नव्हता. मोटारसायकलच्या अपघातात गेला होता, दोन महिन्यांपूर्वी. त्याच्या आईने आम्हाला तरीही बसवलं, आणि मला विचारलं, "त्याचं काय काय लिहिलं होतं तुम्ही?"

मला आठवेना. मीच टाइप केलेलं होतं. आबांनी सांगितलं, "बी.कॉम., पाच फूट सात इंच, क्रिकेटची आवड." ती माऊली मान हलवत राहिली.

चाळीसगावला एक घर होतं, स्टेशनच्या बाजूला. वडील रेल्वेतून निवृत्त झालेले. मुलगी एकोणतीस वर्षांची, खाजगी शाळेत शिकवणारी. वडिलांनी फॉर्म स्वतःच भरला, मुलीला विचारलंही नाही. ती चहाचा ट्रे ठेवून आत गेली. आम्ही निघालो आणि गल्लीच्या टोकाला पोचलो, तर ती मागून भरभर चालत आली. पदर खोचलेला, हात ओले.

"मॅडम," ती मला म्हणाली, "मागच्या वेळचं सगळं पुसलं गेलं ना?"

"हो. माफ करा. माझी चूक झाली."

"नाही, नाही. मला फार बरं वाटलं." तिने एकदा मागे पाहिलं. "पाच वर्षं झाली. दर दोन महिन्यांनी कोणीतरी बघायला येतं. पोहे करते, बसते, उठते. आता नाही व्हायचं माझ्याच्याने. नाव नका टाकू. बाबांना मी सांगू शकत नाही. तुम्ही फक्त टाकू नका."

मी आबांकडे पाहिलं. ते दोन पावलं पुढे जाऊन रस्त्याकडे तोंड करून उभे होते. त्यांना ऐकू गेलं होतं हे मला त्यांच्या मानेवरून कळलं.

परतीच्या गाडीत मी फॉर्मचा गठ्ठा मांडीवर घेऊन बसले होते. पाचोरा गेल्यावर आबा म्हणाले, "तो फॉर्म मला दे."

मी दिला. त्यांनी तो चार घड्या करून सदऱ्याच्या आतल्या खिशात घातला. माझ्याकडे टाइप करायला तो कधी आला नाही. मीही मागितला नाही.

पुस्तक ठरल्यापेक्षा सात-आठ महिने उशिरा निघालं. आधी व्हायचं होतं त्याच्या दोन तृतीयांश जाडीचं. काही लोक पुन्हा भेटलेच नाहीत, काहींनी आता नको म्हटलं. या वेळी मी दर संध्याकाळी फ्लॉपीवर उतरवून ठेवत होते आणि एक फ्लॉपी घरी, साड्यांच्या कपाटात ठेवत होते. प्रकाशनाला मंगल कार्यालयात हार, नारळ, भाषणं झाली. मी मागच्या रांगेत बसले होते. आबांनी भाषणात माझा उल्लेख केला तेव्हा मला कुठे बघावं कळेना.

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी चाळीसगावचे ते वडील आले. हातात पुस्तक, चाळीसगावचं पान दुमडलेलं. चपला घालूनच आत आले. आबा तिथेच होते.

"माझ्या मुलीचं नाव कुठे आहे? दोनदा फॉर्म भरून दिला. दोनदा!"

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. आबा माझ्याआधी बोलले. "मशीननं खाल्लं, भाऊ. आधी खाल्लं होतं तसंच. काय सांगावं या मशीनचं."

चाळीस वर्षं मुलांना खरं बोला म्हणून शिकवत आलेला माणूस. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. त्या गृहस्थांनी संगणकाकडे असं पाहिलं, जणू त्याला कानाखाली द्यावी. मग खुर्चीत बसले. राग निघून गेल्यावर ते फार म्हातारे दिसले. "तिची आई रोज विचारते हो," ते म्हणाले. "मी काय सांगू?"

मी त्यांना पाणी दिलं. ते पुस्तक तिथेच टेबलावर ठेवून गेले. आम्ही बरोबर केलं की एका बापाला फसवलं, हे मला तेव्हा ठरवता आलं नाही. नंतरही आलेलं नाही.

ते गेल्यावर आबा म्हणाले, "एक पत्र टाइप कर. कार्यकारिणीला."

मी मशीन चालू केलं. त्यांनी सांगितलं, मी लिहिलं. दोनच ओळी होत्या. गुडघे दुखतात, फिरणं होत नाही, सूचीच्या कामातून मोकळं करावं. गुडघ्यांची तक्रार मी त्यांच्या तोंडून तोवर कधी ऐकली नव्हती. प्रिंटरने कर्कश आवाज करत कागद बाहेर काढला. आबांनी तो वाचला, एक स्वल्पविराम पेनाने दुरुस्त केला, सही केली.

"साडेचारची गाडी आहे," ते म्हणाले.

मी त्यांच्याबरोबर फाटकापर्यंत गेले. पलीकडच्या हॉलमध्ये दुसऱ्या दिवशीच्या लग्नाचा मांडव बांधत होते. आबा बांबूंच्या मधून वाट काढत रस्त्यावर गेले, आणि मी आत येऊन पुढच्या वर्षीचे फॉर्म लावायला घेतले.